पांढऱ्या गाडीसाठी मेण निवडताना

छत्तीस वर्षे बँकेत कर्जाच्या फाइली तपासताना एक सवय अंगात मुरली. कोणत्याही कागदावरील मोठी अक्षरे वाचण्यापूर्वी तळाशी असलेली लहान अक्षरे वाचावयाची. निवृत्तीनंतर ही सवय मोटारीला लावावयाच्या मेणाच्या डब्यापाशी कामास येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

गेल्या अक्षय्य तृतीयेनंतर माझ्या थोरल्या बंधूंची गाडी आमच्या सांडोरच्या घरी आली. दादांनी अठ्ठ्याहत्तरी गाठली आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी स्वतःहून गाडी चालविणे सोडले. दुकान आता पुतणे पाहतात आणि त्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत. ही जुनी पांढरी गाडी विकून टाकावी, असा घरात विचार निघाला, तेव्हा दादा एवढेच म्हणाले, "विकू नका. धाकट्याकडे राहू दे. तो नीट ठेवील." महिन्यातून एकदा त्यांना आगाशीच्या मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनाला त्याच गाडीतून न्यावयाचे, एवढीच त्यांची अट होती.

गाडी न विकण्यामागचे कारण सर्वांना ठाऊक होते. २०१५ च्या दसऱ्याला गाडी घरी आली, तेव्हा वहिनींनी बॉनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढला होता. आनंदाच्या गडबडीत तो पुसावयाचा राहिला आणि पाहुण्यांबरोबर दोन दिवस तसाच वाळला. पुढे धुतला तरी पांढऱ्या रंगावर फिकट गुलाबी छटा कायमची उरली. त्या वेळी वहिनी फार हळहळल्या होत्या. आता त्यांना जाऊन तीन वर्षे झाली. तिरप्या उन्हात बॉनेटकडे पाहिले की ती आकृती अजून दिसते.

अशी गाडी 'नीट ठेवावयाची' म्हणजे काय करावयाचे, या प्रश्नापासून माझा अभ्यास सुरू झाला. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या दारात पांढरी, रुपेरी अथवा मोतिया रंगाची गाडी उभी असेल. या रंगांना ऊन कमी जाणवते, धूळ चटकन दिसत नाही आणि पुढे विकताना गिऱ्हाईक सहज मिळते, हा आपला व्यापारी हिशेब असतो. म्हणून जे समजले, ते क्रमाने मांडतो.

सांडोरची हवा आणि गाडीचा रंग

सांडोर वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस, वसई गावाकडे जाणाऱ्या बाजूस आहे. समुद्र जवळ, खाडी जवळ आणि नायगावकडे मिठागरे. वाऱ्याबरोबर येणारा खारेपणा गाडीवर रात्रीतून बसतो. उन्हाळ्यात इमारतींच्या बांधकामांची सिमेंटमिश्रित धूळ उडते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस थांबत नाही. अहमदाबाद महामार्गावर जाऊन आले की दारांच्या खालच्या भागावर डांबराचे बारीक ठिपके चिकटतात. वाड्यांच्या कडेने गाडी उभी केली तर झाडांचा चीक आणि पक्ष्यांची विष्ठा ठरलेलीच. जांभळे पिकण्याच्या दिवसांत जांभळाखाली गाडी लावणाऱ्यास मी साष्टांग नमस्कार करतो.

याशिवाय पांढऱ्या गाडीचा एक खास शत्रू आहे. रेल्वेमार्गाजवळ रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर तांबूस-नारिंगी रंगाचे सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. लोकांना वाटते की पत्रा गंजला. वास्तविक ते रुळांचे, चाकांचे आणि ब्रेकचे झिजलेले लोखंडी कण असतात. ते उडून रंगावर बसतात आणि दमट हवेत तेथेच गंजतात. काळ्या गाडीवरही ते असतात, परंतु दिसत नाहीत. पांढऱ्या गाडीवर मात्र ते पांढऱ्या धोतरावरील शाईसारखे उठून दिसतात. दादा अनेक वर्षे वसई रोड स्थानकालगत गाडी उभी करून दुकानात जात असत. त्यामुळे गाडीच्या एका बाजूवर असे ठिपके भरपूर होते.

मेण नेमके कशाचे रक्षण करते?

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर असे चार थर असतात. या शेवटच्या थरास 'क्लिअर कोट' म्हणतात. त्याची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्यावरील केसापेक्षाही कमी. गाडीची चकाकी या थरात असते. तो एकदा झिजला की परत येत नाही. काही गाड्यांना साधा पांढरा रंग देताना हा पारदर्शक थर दिलेला नसतो. अशा गाडीवर पॉलिशचे फडके फिरविले की फडक्यावर पांढरा रंग उतरतो. हीच तिची ओळख.

मेण हा या थरावरचा आणखी एक अतिशय पातळ, तात्पुरता थर होय. पाणी, खार, विष्ठा आणि चीक यांचा पहिला आघात तो स्वतःवर घेतो आणि हळूहळू झिजून जातो. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर क्लिअर कोट हे भांडवल आहे आणि मेण ही राखीव निधीची तरतूद आहे. तोटा आला तर तो आधी तरतुदीतून वळता व्हावा आणि भांडवलास हात लागू नये.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. 'पॉलिश' अथवा 'कंपाऊंड' म्हणजे मेण नव्हे. त्यात बारीक घासणारे कण असतात. ते ओरखडे काढतात, पण ओरखड्याभोवतीचा थर झिजवूनच काढतात. 'क्लीनर वॅक्स' नावाने मिळणाऱ्या डब्यांत मेण आणि घासणारे कण दोन्ही असतात. फिकट गाड्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक डब्यांत हाच प्रकार असतो, कारण पांढऱ्या रंगावर बसलेला काळपटपणा घासल्याने चटकन निघतो आणि गिऱ्हाईक खूश होते. शुद्ध मेणाने मात्र काहीही घासले जात नाही.

मेणांचे प्रकार

दुकानांत मिळणारी मेणे ढोबळमानाने तीन घराण्यांची असतात.

पहिले घराणे वनस्पतीजन्य. त्यांचा राजा म्हणजे कार्नोबा. ब्राझीलच्या ईशान्य भागात, सिआरा, पियावी इत्यादी राज्यांत एक ताडजातीचे झाड वाढते. कोरड्या हवेत पानांतील पाणी उडून जाऊ नये म्हणून ते पानांवर मेणाचा थर धरते. कोरड्या हंगामात पाने कापून उन्हात वाळवितात, झोडपतात आणि खाली पडणारी भुकटी वितळवून मेण करतात. झाड तोडावे लागत नाही. या मेणाचा द्रवणांक ८२ ते ८६ अंश सेल्सिअस, म्हणजे नैसर्गिक मेणांत फार वरचा. मूळ स्थितीत ते दगडासारखे कठीण असते. म्हणून ते तेलात अथवा द्रावकात मिसळूनच वापरता येते. डब्यावर 'शंभर टक्के कार्नोबा' असे लिहिलेले असले तरी डब्यातील सर्व पदार्थ कार्नोबा असणे शक्य नाही. त्यातील मेणाचा अंश तेवढा कार्नोबाचा, एवढाच त्याचा अर्थ. हेच मेण औषधी गोळ्यांवर आणि मिठाईवर चकाकीसाठी वापरतात. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर त्याचा क्रमांक ९०३ असा असतो. मेक्सिकोतील एका झुडपापासून मिळणारे कॅन्डेलिला हे याच घराण्यातील दुसरे मेण. त्याचा क्रमांक ९०२.

दुसरे घराणे प्राणिजन्य. त्यात मुख्य मधमाशीचे मेण, क्रमांक ९०१. लाखेच्या किड्यापासून मिळणारी चपडी, क्रमांक ९०४, हीदेखील याच घरातील. मेंढीच्या लोकरीतून निघणारे लॅनोलिनही काही पॉलिशांत असते.

तिसरे घराणे खनिज आणि कृत्रिम. पेट्रोलियमपासून मिळणारे पॅराफिन, लिग्नाइट कोळशापासून मिळणारे मॉन्टन मेण, सिलिकॉनयुक्त पॉलिमर आणि हल्ली सर्वत्र जाहिरात होत असलेले सिरॅमिक कोटिंग या वर्गात येतात. पॉलिमरच्या द्रवास बाजारात 'सीलंट' म्हणतात. ते मेणापेक्षा अधिक काळ टिकते.

मोटारीचे मेण हे मुळात फर्निचरच्या पॉलिशचे धाकटे भावंड आहे. अमेरिकेतील मेग्वायर्स या आज गाडीच्या मेणासाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीचा प्रारंभ १९०१ मध्ये फर्निचर पॉलिशनेच झाला. लाकडी जमिनींचे पॉलिश करणाऱ्या जॉन्सन कंपनीचे प्रमुख १९३५ मध्ये कार्नोबाची झाडे पाहण्यासाठी स्वतः विमानाने ब्राझीलला गेले होते आणि त्या विमानाचे नावही 'कार्नोबा' असेच ठेवले होते. आपल्या घरांतील सागवानी कपाटांवर सुतार मधमाशीचे मेण आणि चपडी लावत असत. तीच परंपरा पुढे गाडीच्या डब्यात आली.

दादांचा प्रश्न

मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस येण्यापूर्वी, मी एक डबा विकत आणला. त्यावर 'नैसर्गिक मेणांचे मिश्रण' असे सोनेरी अक्षरांत छापले होते. दादा त्या दिवशी घरी आले होते. डबा हातात घेऊन त्यांनी विचारले, "यात कसले मेण आहे रे?"

मी म्हणालो, "दादा, नैसर्गिक आहे."

"मधमाशीचे मेणही नैसर्गिकच असते," ते म्हणाले.

मी गप्प बसलो. भिंग घेऊन डबा सर्व बाजूंनी वाचला. वापरण्याची कृती होती, ज्वलनशील असल्याची सूचना होती, किंमत होती. कशापासून केले ते नव्हते. खाद्यपदार्थावर हिरवा ठिपका अथवा तपकिरी त्रिकोण असतो. तशी खूण गाडीच्या मेणावर नसते. कंपनीस पत्र पाठविले. काही दिवसांनी उत्तर आले की मिश्रण हे व्यापारी गुपित आहे. पत्रासोबत आलेले सुरक्षा माहितीपत्रक वाचले, तर त्यात केवळ घातक द्रव्यांची यादी होती. मधमाशीचे मेण घातक नसल्यामुळे ते त्या यादीत असावयाचे कारणच नव्हते. मीही आयुष्यभर ताळेबंद वाचले आहेत. जे लिहिलेले नाही, ते नाही असे समजू नये, हा पहिला धडा असतो.

'मेण काही आपण खात नाही, मग हरकत काय?' असे घरातील एका तरुणाने विचारले. प्रश्न रास्त आहे. म्हणून वस्तुस्थिती समजून घेऊ. कामकरी माशीच्या पोटाखालील ग्रंथींतून मेणाचे बारीक पापुद्रे निघतात आणि त्यांपासून ती पोळे बांधते. एक किलो मेण निर्माण करण्यासाठी माश्यांना सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो, असा अंदाज सांगितला जातो. पेटीतील मधुपालनात पोळ्याची चौकट पुन्हा वापरतात आणि मुख्यतः वरची झाकणे कापून मेण मिळते, हेही खरे. परंतु रानातील आग्यामाशीचे पोळे पारंपरिक रीतीने उतरविताना धूर व जाळ केला जातो आणि पोळे कापून पिळले जाते. त्यात अंडी आणि अळ्याही जातात. डब्यातील मेण यांपैकी कोणत्या मार्गाने आले, हे डब्यावरून कळण्याचा उपाय नाही.

आपल्या परंपरेत मधाचा विचार केवळ जिभेपुरता केलेला नाही. श्वेतांबर परंपरेतील चार महाविगयींत मधु आहे. दिगंबर परंपरेतील श्रावकाच्या अष्ट मूलगुणांत मधुत्याग आहे. व्यापारी घरांसाठी अधिक महत्त्वाचे म्हणजे, पंधरा कर्मादानांत रसवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य यांचा स्पष्ट उल्लेख आहे. लाख तर कोणी खात नव्हते. तरीही तिचा व्यापार वर्ज्य मानला गेला, कारण त्यामागची हिंसा पाहिली गेली. हे आठवले तेव्हा मला माझे बँकेतील पहिले वर्ष आठवले. विम्याच्या पाकिटांवर लाखेचे शिक्के मारण्याचे काम नव्या कारकुनाकडे असे. मेणबत्तीवर लाख वितळवून मी किती शिक्के मारले असतील, याची गणती नाही. ती लाख कोठून येते, हा विचार तेव्हा एकदाही मनात आला नव्हता.

कोणास काय वर्ज्य, याचा निर्णय देण्याचा माझा अधिकार नाही. तो ज्याने त्याने आपल्या नियमांनुसार आणि गुरुदेवांस विचारून करावा. परंतु ज्यांस हे मेण टाळावयाचे आहे, त्यांनी 'नैसर्गिक' या शब्दावर विसंबू नये, एवढे निश्चित.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. वनस्पतीजन्य म्हणजे सर्वस्वी निर्दोष, असेही नाही. २०१७ मध्ये जर्मन दूरचित्रवाणीवरील एका माहितीपटात कार्नोबाच्या मळ्यांतील मजुरांना गुलामासारखी वागणूक मिळत असल्याचे दाखविले गेले आणि त्याची मोठी चर्चा झाली. पेट्रोलियमजन्य पदार्थांचे स्वतःचे दोष आहेतच. आपल्या हातात उरते ती यतना. कमीत कमी हिंसेचा पर्याय शोधावा आणि तो गरजेपुरताच वापरावा.

फिकट रंगाचे वेगळेपण

आता निवडीकडे वळू. गडद आणि फिकट गाडीस वेगवेगळे मेण का हवे?

गडद रंगावर कार्नोबाची खोल, ओलसर दिसणारी चकाकी खुलून दिसते. पांढऱ्या रंगावर ती फारशी जाणवत नाही. पांढरा रंग मुळातच प्रकाश सर्व बाजूंनी परत फेकतो. तेथे खोलीपेक्षा स्वच्छता महत्त्वाची. म्हणून पांढऱ्या गाडीवर महागड्या कार्नोबासाठी अधिक पैसे मोजणे मला व्यवहारी वाटत नाही. रुपेरी रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि मोतिया रंगात अभ्रकाचे. पॉलिमर सीलंटच्या काचेसारख्या पारदर्शक थरातून ते कण चांगले उजळतात.

गडद गाडीचा पत्रा उन्हात फार तापतो. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळते. म्हणून गडद गाडीवर ते लवकर मऊ पडून धूळ धरते. पांढरा पत्रा त्यामानाने थंड राहतो, त्यामुळे मेणाच्या द्रवणांकाची चिंता आपल्याला कमी. पांढऱ्या गाडीवर फडक्याचे बारीक गोलाकार ओरखडेही सहसा दिसत नाहीत. ते नसतात असे मात्र नव्हे. दिसत नाहीत म्हणून आपण निष्काळजी होतो आणि क्लिअर कोट हळूहळू झिजतो.

काही कंपन्या एकच मेण दोन डब्यांत विकतात. जपानच्या सॉफ्ट९९ कंपनीचे 'फुस्सो कोट' हे त्याचे ठळक उदाहरण. त्यात फिकट रंगासाठी एक आणि गडद रंगासाठी दुसरा डबा असतो. ('फुस्सो' म्हणजे जपानी भाषेत फ्लोरिन.) अशा जोड्यांत सर्वसाधारणतः फिकट रंगाच्या डब्यात साफ करण्याची शक्ती अधिक ठेवतात, कारण पांढऱ्यावर मळ दिसतो आणि ओरखडे दिसत नाहीत. म्हणून गडद गाडीस फिकट गाडीचा डबा लावू नये. नव्या पांढऱ्या गाडीस मात्र गडद रंगाचा, न घासणारा डबा निःशंक चालतो.

आमच्या बाबतीत हा भेद कळीचा ठरला. एका दुकानात मी गाडी दाखविली. तेथील तरुण कारागिराने बॉनेटवरील गुलाबी छटेवर बोट ठेवून सांगितले, "काका, मशीनने कंपाऊंड मारतो, हा डाग पंधरा मिनिटांत जाईल. वर सिरॅमिक करून घ्या, पाच वर्षे पाहावे लागणार नाही." त्याच्या हिशेबाने तो योग्यच बोलत होता. दादा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "बाकी सगळी गाडी घास. तेवढे राहू दे." मग मलाच वाटले की गाडी घासावयाची आवश्यकताच काय? पारदर्शक थर दहा वर्षांचा आहे. त्यास झिजविण्यापेक्षा आहे तो राखावा. आम्ही तेथून परत आलो.

शेवटी मी घासणारे कण नसलेले पॉलिमर सीलंट निवडले आणि त्यात कोणताही प्राणिजन्य घटक नाही, असे विक्रेत्यामार्फत कंपनीकडून लेखी मागवून घेतले. पंधरा दिवस लागले, पण उत्तर मिळाले.

लावण्याची रीत

प्रथम गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना धुवावी. कपड्यांची पावडर अथवा भांड्यांचा साबण वापरू नये. तो मेणाचा थर उतरवितो. गाडीसाठीचा सौम्य शाम्पू घ्यावा. दोन बादल्या ठेवाव्यात, एक साबणाची आणि एक फडके खळबळण्याची, म्हणजे निघालेली रेती पुन्हा गाडीवर फिरत नाही. नळी मिनिटाला दहा लिटर पाणी देत असेल, तर पंधरा मिनिटांत दीडशे लिटर वाहून जाते. दोन बादल्यांत तीस लिटरमध्ये तेच काम होते. बोअरचे पाणी जड असेल तर गाडी वाळण्यापूर्वी पुसून घ्यावी. त्यातील चुन्याचे वाळलेले थेंब पांढऱ्यावर दिसत नाहीत, पण थरात मुरतात.

पुसण्यासाठी 'शॅमी' घेताना नीट पाहावे. अस्सल शॅमॉय हे मेंढी-बकऱ्याचे कातडे असते. कृत्रिम शॅमी अथवा मायक्रोफायबरचे फडके तेच काम करते.

नंतर प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून पत्र्यावरून बोटे फिरवावीत. खरखर लागली तर लोखंडाचे कण बसलेले आहेत. त्यांसाठी लोह काढणारा द्रव मिळतो. तो फवारला की ठिपके जांभळे होऊन ओघळतात. वास उग्र असतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि द्रव पत्र्यावर वाळू देऊ नये. आमच्या गाडीची एक बाजू त्या दिवशी जांभळी झालेली पाहून नातू घाबरला होता. पाण्याने धुतल्यावर ती दहा वर्षांत प्रथमच खऱ्या अर्थाने पांढरी दिसली.

मेण अथवा सीलंट अगदी पातळ लावावे. पांढऱ्या गाडीवर ते कोठे लागले आणि कोठे राहिले, हे दिसत नाही, ही खरी अडचण. त्यासाठी गाडीचे भाग ठरवून घ्यावेत. आधी टप, मग बॉनेट, मग एकेक दार, याच क्रमाने जावे आणि तिरपी बॅटरी धरून पाहावे. बोट हलकेच ओढून पाहावे. माग स्वच्छ उमटला तर मेण वाळले, चिकट उमटला तर थांबावे. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर आधी चिकटपट्टी लावावी. तेथे लागलेले मेण वाळून पांढरे होते आणि सहज निघत नाही.

वर्षातून तीन वेळा पुरे. मे महिन्याच्या अखेरीस पावसापूर्वी, पाऊस संपल्यावर दसऱ्यापूर्वी आणि फेब्रुवारीच्या सुमारास. दसऱ्याच्या पूजेपूर्वी मेण लावलेले असावे, म्हणजे हळदकुंकू थेट रंगापर्यंत पोहोचत नाही. हळदीचा डाग उन्हाने विटतो, परंतु बाजारातील कुंकवात बहुधा कृत्रिम रंग असतो. तो मुरतो.

हिशेब

समजा, दोनशे ग्रॅमचा डबा बाराशे रुपयांस मिळाला आणि एका वेळी पंधरा ग्रॅम लागले. तेरा वेळा पुरतो, म्हणजे एका वेळचा खर्च ९२ रुपयांच्या आसपास आणि वर्षाचा पावणेतीनशे. झाकण घट्ट लावले, तर एक डबा चार वर्षे जातो. सिरॅमिक कोटिंगचा खर्च हजारोंत जातो. नव्या, महागड्या गाडीस ते करण्यास माझी हरकत नाही. दहा वर्षांच्या गाडीस ते करणे म्हणजे मुदत संपत आलेल्या कर्जास नवे तारण मागण्यासारखे आहे.

विमा कंपन्यांच्या तक्त्यानुसार गाडीची घोषित किंमत पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या टप्प्यावर ५० टक्के घटविली जाते. त्या तक्त्यात मेणाचा रकाना नाही. परंतु विकताना गिऱ्हाईक आधी रंग पाहते आणि मग यंत्र ऐकते, हे कोणताही व्यापारी जाणतो.

एक खर्च मात्र मी आनंदाने वाढविला. रोज सकाळी गाडी पुसणारा मुलगा कोरड्या फडक्याने धूळ घासत असे. त्याला रागवावे असे मनात आले होते. मग लक्षात आले की ते फडके मीच दिले होते, माझ्या जुन्या बनियनचे. आता त्याला दोन मायक्रोफायबरची फडकी आणि दोन बादल्या दिल्या आहेत. काम रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा ठेवले आहे आणि महिन्याचे पैसे कमी न करता थोडे वाढविले आहेत. गाडीवरील सर्वांत मोठा फरक यामुळेच पडला, असे माझे प्रामाणिक मत आहे.

यंदा दसऱ्याला सुनेने विड्याच्या पानावर स्वस्तिक काढला आणि ते पान बॉनेटवर ठेवले. पूजा झाल्यावर दादा गाडीपाशी गेले, बॉनेटवरून हात फिरविला, कंबरेत किंचित वाकून तिरपे पाहिले आणि म्हणाले, "आहे अजून."

वाचकहो, पुढचा डबा घ्याल तेव्हा दुकानदारास दोनच प्रश्न विचारा : हे घासते का? आणि हे कशापासून केले आहे? उत्तर लेखी मागा. आपण शंभर घरांनी विचारले, तर एके दिवशी ते डब्यावरच छापलेले मिळेल.